चाकोरीतले गणवीर

नागपूरच्या आमच्या कचेरीत जीपगाड्या तीन होत्या आणि ड्रायव्हर चार. खनिजं शोधणारं ते एक लहानसं सरकारी पथक. सत्तरच्या आसपास मी साताऱ्याहून तिथे भूवैज्ञानिक म्हणून रुजू झालो, प्रतापनगरात एक खोली घेतली आणि पहिल्या दौऱ्याला कोणता ड्रायव्हर मिळाला ते बघायला कचेरीत गेलो. फळ्यावर माझ्या नावापुढे 'गणवीर' असं लिहिलेलं होतं. हेडक्लार्कने माझ्याकडे जरा कणवेने पाहिलं आणि म्हणाला, "पोचाल साहेब, पक्कं पोचाल. फक्त कधी, ते मले विचारू नका."

गणवीर म्हणजे किरकोळ अंगाचा, पन्नाशीकडे झुकलेला माणूस. खाकी पँटला कडक इस्त्री, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, ओठावर पेन्सिलीने ओढल्यासारखी मिशी. वीस वर्षं लष्करात गाड्या चालवून ते कामठीला घरी परतले होते. कामठीहून रोज सायकलने नागपूरला येत आणि तरीही आमच्यापैकी कुणाच्याही आधी कचेरीत असत. छप्पन साली फौजेतून रजा काढून त्यांनी नागपुरात दीक्षा घेतली होती. दौऱ्यावर पहाटे उठून ते आधी त्रिसरण म्हणत, मग टायर तपासत. दोन्ही गोष्टींना सारखाच वेळ लागे.

त्या पहिल्या दौऱ्यात आम्ही नागपूरच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याकडे निघालो होतो. पावसाळा नुकताच सरला होता. वाटेत एक नाला आला. पाणी फार तर गुडघाभर. गणवीरांनी काठावर जीप थांबवली, बूट काढले, मोजे घडी करून बुटात ठेवले, पँट वर दुमडली आणि हातात काठी घेऊन ते पाण्यात शिरले. सरळ पलीकडे गेले. परत येताना वेगळ्याच ठिकाणाहून आले. मध्येच वाकून वाळूत दोन हिरव्या फांद्या रोवल्या. मग टॉवेलने पाय पुसले, बूट घातले आणि गाडी सुरू केली. या सगळ्याला पंधरा मिनिटं लागली, नाला ओलांडायला अर्धं मिनिट.

मी नवा अधिकारी होतो आणि तरुण होतो, म्हणजे दोन्ही अंगांनी शहाणा होतो. फोर-व्हीलची जीप आहे, सरळ घातली असती तरी गेली असती, असं मी बोलून दाखवलं. गणवीरांनी मान डोलावली. "गेली असती साहेब," ते म्हणाले. फर्लांगभर गेल्यावर पुढचं वाक्य आलं. "मधल्या पाण्यात एक आडवा धोंडा होता. त्याच्यावर गेली असती. मंग आपन पायी गेलो असतो."

त्या दोन फांद्यांचं कारण मला परतीच्या वेळी कळलं. तिथे गावच्या बायकांनी वाळूत हातभर खड्डे करून पिण्याच्या पाण्याचे झिरे काढले होते. धोंडा गाडीसाठी टाळला होता, फांद्या झिऱ्यांसाठी होत्या. एक बाई वाटीने पाणी भरत होती. तिची घागर भरेपर्यंत गणवीरांनी इंजिन बंद करून वाट पाहिली. ती बाई आमच्याकडे बघून हसली. सरकारी जीपकडे बघून कुणी हसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्यांचे नियम लेखी नव्हते, पण कचेरीतल्या कुठल्याही परिपत्रकापेक्षा पक्के होते. वाळूत शिरताना टायरमधली हवा कमी करायची आणि बाहेर आल्यावर हातपंपाने परत भरायची, मग वर कितीही ऊन असो. गावाच्या शिवेवर वेग बैलगाडीइतका. समोरून गुरं आली की आपण थांबायचं, गुरांनी नाही. मागच्या सीटखाली फावडं, सब्बल, दोर आणि रिकामी पोती कायम असत. आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे चाकोरी सोडायची नाही. चाकोरीबाहेरचं जगावं वगैरे वाचून आलेला मी. माझा गुरू मला रोज उलटं शिकवत होता.

एकदा पांदणीत, म्हणजे दोन शेतांमधल्या गाडीवाटेवर, चिखलाचं मोठं डबकं लागलं. आधीच्या गाड्या डबकं चुकवायला कडेच्या तुरीतून गेलेल्या दिसत होत्या. मीही तिकडेच बोट दाखवलं. गणवीर खाली उतरले आणि मलाही उतरायला लावलं. तुरीच्या मोडलेल्या तीन ओळी त्यांनी मला मोजून दाखवल्या.

"एक गाडी बाजूनं गेली का रस्ता हातभर रुंद होते," ते म्हणाले. "शंभर गेल्या का शेत जाते. मंग शेतवाला पांदणीत काटे टाकते. अन् आपन कचेरीत येऊन लिहितो का गाववाले अडवून राहिले."

मग आम्ही पोती आणि दगड टाकून डबक्यातूनच गेलो. माझे बूट गेले ते गेलेच.

दुसऱ्या वेळी मी एका कुरणाचं काट्यांचं फाटक उघडलं आणि गाडी आत आल्यावर ते लावायला विसरलो. चार मैल गेल्यावर गणवीरांनी सहज विचारलं, फाटक लावलं ना. मी म्हटलं, राहिलं वाटतं. त्यांनी जीप वळवली. चार मैल मागे, चार मैल पुढे. मी चिडून म्हणालो की तिथे चिटपाखरूही नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, "आपन आलो तवा ते लावलेलं होतं. कोनीतरी कायतरी कारनानंच लावलं असन."

त्यानंतर मी आयुष्यात कुठलंही फाटक उघडं टाकलेलं नाही. बँकेचं दारसुद्धा ओढून घेतो.

त्यांच्या पत्नी कौसल्याबाई कामठीच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. उंच, खणखणीत आवाजाच्या. एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं आणि वाढता वाढता नवऱ्याची तक्रार केली. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना म्हणे हे तीनदा पुढे जाऊन रस्ता तपासून आले, आणि बैलगाडी पोचेपर्यंत पंगत उठली होती. गणवीर ताटात मान घालून हसत होते. "काहून सांगून राहिली वं साहेबांले," एवढंच म्हणाले.

आता लालचढाची गोष्ट सांगतो, कारण गणवीरांची खरी ओळख मला तिथे पटली.

आमच्या कामाच्या भागात जामुनटोला नावाचं तीस-चाळीस घरांचं गाव होतं. गावाला बाहेर पडायला जवळची वाट एकच. ती जंगलातून एका तांबड्या मुरमाच्या टेकाडावरून जाई. त्याला लालचढ म्हणत. जमीन जंगलखात्याची, वाट मात्र गावाच्या पणजोबांपासूनची. त्याच सुमारास नागपुरातल्या काही हौशी मंडळींनी लष्कराच्या लिलावात जुन्या जीप घेतल्या होत्या. रविवारी सात-आठ गाड्या निघत. त्यांचे पुढारी होते धंतोलीतले डॉक्टर मोहरील. मनाने उमदा माणूस, पण स्टिअरिंग हातात आलं की सोळा वर्षांचा होई. एका जुलैत, भर पावसात, त्यांनी लालचढावर शर्यत लावली. चाकांना साखळ्या बांधून कोण आधी माथ्यावर पोचतो ते पाहिलं. सगळे पोचले. मुरमाचा थर मात्र चढावर राहिला नाही. पुढच्या दोन मोठ्या पावसांनी त्या चाकोऱ्यांमधून पाणी पळालं आणि कमरेइतकी घळ पडली.

ऑगस्टमध्ये त्या घळीत सोनाबाईची बैलगाडी उलटली. सोनाबाई जामुनटोल्याची विधवा बाई, बांबूच्या टोपल्या विणून बाजारात नेणारी. बैल वाचले, टोपल्या घरंगळत खाली गेल्या, आणि तिचं मनगट मोडलं. आम्ही जवळच तळ टाकून होतो. बातमी कळताच गणवीरांनी माझ्याकडे पाहिलं, मी हो म्हटलं, आणि तिला लांबच्या वळणाच्या रस्त्याने जीपमधून नागपूरला आणलं. धंतोलीत दवाखाने चिक्कार. पण गणवीरांनी गाडी नेमकी डॉक्टर मोहरीलांच्या दारात उभी केली. त्यांनी रीतसर नंबर लावला आणि बाकावर सोनाबाईशेजारी हात मांडीवर ठेवून बसले.

डॉक्टरांनी हळुवार हाताने मनगट बसवलं, प्लास्टर घातलं, तिला चहा पाजला. मग कशी पडलीस म्हणून विचारलं. गाडी उलटली, लालचढावर, असं सोनाबाईने सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा उजळला.

"लालचढ? अहो, आम्ही जुलैत गेलो होतो की तिथे. काय चढ आहे!"

"माहीत आहे साहेब," गणवीर म्हणाले. "तुमच्या चाकोऱ्या अजून तिथंच आहेत. या बाईची गाडी त्याच्यातच गेली."

आवाज चढलेला नव्हता. पत्ता सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं. डॉक्टरांनी त्या ओल्या प्लास्टरकडे पाहिलं. मग बाहेरच्या पेशंटना जरा थांबायला सांगून दार लोटलं आणि म्हणाले, "आता काय करू, ते सांगा."

तोवर प्रकरण आणखी बिघडलं होतं. त्या भागाचे रेंजर तिवारीसाहेब, कडक पण सरळ माणूस. त्यांनी घळ पाहिली आणि लालचढावर आडवा ओंडका टाकून सगळ्या वाहनांना बंदीची पाटी लावली. सगळ्या म्हणजे बैलगाड्यांनासुद्धा. जीपवाल्यांचा एक रविवार गेला, पण जामुनटोल्याचा बाजार तीन कोस लांब गेला. गणवीर डॉक्टरांना घेऊन तिवारींकडे गेले, मीही बरोबर होतो. तिवारींनी ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की आज माफी मागाल आणि पुढच्या जुलैत पुन्हा याल. अखेर ते एका अटीवर आले. चढ दुरुस्त करा, पुढचा पावसाळा त्याला काढू द्या. टिकला, तर बघू.

दिवाळीनंतर दर रविवारी धंतोलीहून जीप निघू लागल्या, पण आता मागे कुदळी आणि घमेली असत. लाकडाचे एक व्यापारी, एक वकील, डॉक्टर, आणि जामुनटोल्याची माणसं. गणवीर मुकादम. मनगट अजून जपणारी सोनाबाई एका दगडावर बसून सगळ्यांवर देखरेख करी आणि वकिलाने दगड वाकडा लावला की तो काढायला लावी. डॉक्टरांच्या तळहाताला फोड आले, ते त्यांनी आठवडाभर पेशंटना दाखवले. माझी खडकांची विद्या तिथे पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडली. कुठला दगड पाण्यात टिकेल आणि कुठला भुगा होईल, एवढं मी सांगत होतो.

बाकी सगळी विद्या गणवीरांची. चढावर दर दहा पावलांवर त्यांनी तिरपे चर खोदून घेतले आणि त्यांना दगडांची कड बांधली. पाणी सरळ खाली पळू द्यायचं नाही, थोडं थोडं करून बाजूच्या झाडीत काढून द्यायचं. "पाण्याले एकटं सरळ उतरू देलं का ते माजते," ते म्हणत. "थोडं इकडं, थोडं तिकडं वाटून द्या. झाडं पिऊन घेतीन." दुपारी सगळे मोहाखाली बसून भाकरी खात. मग तासभर गणवीर जीपवाल्यांचा वर्ग घेत, इंजिन बंद ठेवून. आधी चालत जाऊन वाट तपासायला लावत. वर्गातला नियम असा होता, की ज्याला चढावरचे चर क्रमाने पाठ नाहीत त्याला किल्ली मिळणार नाही. हायकोर्टात उभा राहणारा वकील तिथे दोनदा नापास झाला.

पुढचा पावसाळा दणकून झाला. चढ जागचा हलला नाही. सप्टेंबरात तिवारीसाहेब पाहायला आले, त्या दिवशी सकाळीच एक सर पडून गेली होती. सगळं गाव जमलं होतं. तिवारींनी चर पाहिले, दगड बुटाने दाबून पाहिले. मग म्हणाले की रस्ता चांगला झालाय, पण मला रस्त्याची काळजी नाही, तुमच्या चाकांची आहे. माझ्यासमोर एक जीप वर न्या. चढ उकरला, तर ओंडका परत येईल आणि मग मी कुणाचं ऐकणार नाही.

सगळ्यांच्या माना गणवीरांकडे वळल्या. ते म्हणाले, "मी नाही चालवत. मी गेलो तं त्यात काय आहे. डॉक्टरसाहेब चालवतीन."

डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. आधी ते सबंध चढ चालत जाऊन आले. मग गाडीत बसले, लो गिअर टाकला आणि चाकोरीत जीप अशी सावकाश चढवली की इंजिनपेक्षा पाखरांचा आवाज जास्त येत होता. निम्मा चढ गेला. आणखी थोडा गेला. माथा वीसेक पावलं राहिला असेल, आणि मागचं उजवं चाक एकदा गरकन फिरलं. मूठभर मुरूम मागे उडाला.

तिथे ॲक्सिलरेटर दाबला असता तर गाडी वर गेली असती. हे डॉक्टरांना माहीत होतं, गणवीरांना माहीत होतं, आणि बघणाऱ्या प्रत्येक जीपवाल्याला माहीत होतं. व्यापाऱ्याचा उजवा पाय जमिनीवर दाबलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. डॉक्टरांनी हँडब्रेक लावला. बाहेर वाकून चाकाकडे पाहिलं. एक मिनिटभर तसेच थांबले. मग रिव्हर्स टाकला आणि आले त्याच चाकोरीतून, इंचाइंचाने, जीप खाली आणली.

ते उतरून तिवारींकडे गेले आणि म्हणाले, "वरचं ओलं आहे. आज नको. मी गेलो तर उकरेल."

गावातली माणसं एकमेकांकडे बघू लागली, वकिलाने डोक्याला हात लावला. तिवारी एकटेच चढावर चालत गेले, जिथे चाक फिरलं होतं तिथे वाकले, तो मूठभर मुरूम उचलून जागेवर टाकला आणि बुटाने थापटला. खाली येऊन त्यांनी गणवीरांना विचारलं, "ये आपने सिखाया?"

"चालवायले मी शिकवलं साहेब," गणवीर म्हणाले. "थांबायले ते सोताच शिकले."

तिवारींनी पाटी उपटायला सांगितली. बैलगाड्यांना वाट बारमाही खुली. जीपना दसऱ्यापासून पहिल्या पावसापर्यंत, आणि तीही गावाला विचारून. ओंडका साखळीने बांधून त्याला कुलूप राहील आणि त्याची किल्ली सोनाबाईकडे. बैलगाडीला ती हाक मारताच उघडेल, जीपला मात्र हंगाम बघून. डॉक्टर मात्र हिरमुसले होते. परतीच्या वाटेवर त्यांनी गणवीरांना विचारलं, मी नापास झालो ना? गणवीर हसायला लागले, आणि नागपूर येईपर्यंत मधूनमधून आपल्याशीच हसत राहिले. इतक्या वर्षांत त्यांना चालत्या गाडीत हसताना मी त्या दिवशीच पाहिलं.

सोनाबाईची किल्ली पुढे पंचक्रोशीत गाजली. दोन वर्षांनी ऑगस्टमध्ये आम्हाला त्या टेकाडापलीकडचा एक खडक तातडीने बघायचा होता. वरून तसा हुकूम होता. मी गणवीरांना म्हटलं, तुम्ही मागितली तर देईल. ते गेले. सोनाबाई अंगणात टोपली विणत होती. तिने मान वर न करता विचारलं, दसरा झाला का. गणवीर म्हणाले, सरकारी काम आहे वं.

"तूच सांगतलं ना गा, पाण्यापावसात कोनाले देऊ नको म्हणून," ती म्हणाली. "कोनाले म्हणजे तुलेपन."

गणवीर परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मुलगा पहिल्या नंबराने पास झाल्यासारखा आनंद होता. "नाही देत म्हणते," त्यांनी मला सांगितलं, आणि जीपमधून माझा हातोडा आणि नमुन्यांची पिशवी काढून खांद्याला लावली. जाऊन-येऊन दहा मैल आम्ही पावसात चाललो. वाटेत तीन वेळा त्यांनी ते वाक्य मला म्हणून दाखवलं, सोनाबाईच्या आवाजात.

ऐंशीच्या सुमारास गणवीर निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात बोलायला उभे राहिले, "गाडी बरी आहे, तेल वेळेवर बदला," एवढं म्हणाले आणि बसले. वर्षा-दोन वर्षांत माझीही बदली झाली आणि नागपूर सुटलं. गणवीर वारल्याचं मला बऱ्याच वर्षांनी डॉक्टर मोहरीलांच्या पत्रातून कळलं. पत्रात शेवटी डॉक्टरांनी लिहिलं होतं की लालचढ शाबूत आहे, गाड्या जातात, आणि किल्ली आता सोनाबाईच्या सुनेकडे आहे.

गणवीरांना मी शेवटचं पाहिलं ते नागपूर सोडण्याच्या आठवड्यात. निरोप घ्यायला म्हणून बसने कामठीला निघालो होतो. छावणीच्या अलीकडे, जिथे दोन्ही बाजूंना झाडं आहेत, तिथे समोरून एक मोपेड येताना दिसली. चालवत होत्या कौसल्याबाई. पदर खोचलेला, पाठ ताठ, तोंडाने कुणालातरी बाजूला व्हायला सांगत होत्या. वेग चांगलाच होता. मागे गणवीर बसले होते. मांडीवर भाजीची पिशवी, तीतून मेथीच्या जुड्या बाहेर डोकावत होत्या. मी खिडकीतून हात केला, हाकही मारली. त्यांना ऐकू गेली नाही, आणि निरोप राहिला तो राहिलाच. त्यांचे डोळे मिटलेले होते. आयुष्यभर दुसऱ्यांना सुखरूप पोचवत आलेला तो माणूस बायकोच्या मागे मान जराशी कलती करून वारा खात चालला होता, आणि कुठून जायचं याची त्याला काडीचीही फिकीर दिसत नव्हती.